उघडून पुन्हा शिवलेलं पोट

परवा आमच्या कोळीवाड्यात एका बाईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी अजून नक्की काहीच सांगितलेलं नाही, पण वाड्यातल्या बायांनी तिचं सगळं उरकून टाकलं. तिच्या दारावरून जाताना आवाज खाली घ्यायचा, तिच्या पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायचा, आणि तिनं विचारलं की हसून सांगायचं, "काय न्हाय गो, वारा धरलाय पोटात." ती बिचारी माझ्या तोंडाकडं बघत बसली होती. मी तिला म्हटलं, तुझ्या पोटात गाठ आहे, ती कसली आहे ते अजून कोणालाच माहीत नाही, आणि माहीत नसताना जे रडायला बसलेत त्यांना आधी घराबाहेर काढ. तशीच घरी आले आणि हे लिहायला घेतलं. माझ्या बापाला हौस, म्हणून मी मराठी शाळेत सात यत्ता शिकले. मासे विकताना त्या शिक्षणाचा फारसा उपयोग झाला नाही, इथं झाला तर बघू.

माझं दुखणं नवे पैसे आले त्या सुमाराचं. बाजारात गिऱ्हाईक आण्यात बोलायचं, आम्ही नव्या पैशांत बोलायचो, आणि दोघंही एकमेकांना चोर म्हणायचो. मी तेव्हा तिशीच्या आत होते. घरात दोन लहान पोरं, सासू आणि नवरा. घरची एक होडी होती, म्हणून नवऱ्याला सगळे नाखवा म्हणत. मीही इथं नाखवाच म्हणते, नाव घ्यायची सवय नाही.

*

पाटी डोक्यावर चढवताना उजव्या बरगडीखाली ओढ लागायची. पाट्या उचलणाऱ्या बाईला कुठं ना कुठं ओढ लागतेच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग एकदा आंघोळ करताना ते हाताला लागलं. बरगडीखालून जरासं बाहेर आलेलं, गुळगुळीत, दाबलं तर थोडं दबणारं. मी हात काढून घेतला आणि पुन्हा लावून पाहिला. होतं तिथंच होतं.

सासूनं एरंडाचं पान शेकून बांधलं. गुण येईना तेव्हा म्हणाली, डाग देऊन घेऊ. पलीकडच्या गावात एक म्हातारा तापलेल्या विळ्यानं पोटावर डाग द्यायचा आणि कसलीही गाठ बसवतो म्हणायचा. मी म्हटलं, डाग द्यायचाच असेल तर आधी तुमच्या जिभेवर देऊन बघू. त्यावर ती माझ्याशी बोलेनाशी झाली आणि नाखवा मला मुकाट्यानं अलिबागच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला.

डॉक्टर गप्पिष्ट होते. पोट दाबता दाबता पापलेट कुठं चांगलं मिळतं ते विचारत होते. मी सांगत होते. दाबता दाबता ते बोलायचे थांबले. पुन्हा दाबलं, बाजूनं दाबलं, बोटावर बोट वाजवून पाहिलं. मी पापलेटाचं बोलतच होते, पण ते ऐकत नव्हते. मग म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा. यजमानांना आत पाठवा."

मी बाकावर बसले. नाखवा बाहेर आला तेव्हा टोपी हातात होती. तो म्हणाला, "लिवरला सूज हाय. मुंबईला दाखवू. येवरंच."

मी त्याचं खरं मानलं. माझं अंग गार पडलं ते पुढं, बाजारपेठेत. नाखवा एका फुलवालीपाशी थांबला आणि त्यानं माझ्यासाठी आबोलीची वेणी घेतली. लग्न झाल्यापासून ह्या माणसानं मला कधी फूल आणून दिलं नव्हतं. सणासुदीला वेणी मीच घ्यायची आणि पैसे त्याच्या कनवटीचे काढून घ्यायची, अशी आमची रीत. आज त्यानं न मागता वेणी घेतली आणि माझ्या नजरेला नजर न देता हातात ठेवली. मी तिथं भर बाजारात उभी राहिले. फुलवाली म्हणाली, "माळा की वैनी." मी माळली. दुसरं काय करणार होते?

*

मुंबईला जायचं ठरलं आणि माझा दादा माझ्या धाकट्या बहिणीला, हिरूला, आमच्या घरी सोडून गेला. आमचं माहेर करंज्याचं, म्हणजे आमच्या रेवसच्या समोर, खाडीपलीकडं. तरीत, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीत, बसलं की पोचलं. हिरू पोरांना आणि सासूला बघणार होती. तिची सोयरीक करंज्यातच एका मुलाशी ठरली होती आणि येत्या हंगामात लग्न करायचं होतं. मी म्हटलं, "चार दिवसांत येते गो, मग तुझ्या हळदीला नाचते." ती हसली. तिला तेव्हा काहीच सांगितलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

रेवसहून लाँच, भाऊच्या धक्क्यावरून घोडागाडी, आणि मग ते मोठं इस्पितळ. आयुष्यात इतक्या आजारी बाया एकत्र मी पाहिल्या नव्हत्या. दिवस उजाडायच्या आत तापमान बघायचं, मग चहा, मग झाडलोट, मग डॉक्टर. डॉक्टर येण्याआधी चादरी ताणून बसवायच्या, जणू चादरच आजारी आहे. वास तर असा की जेवणालाही तोच आणि केसांनाही तोच. माझ्या वॉर्डात एक आयाबाई होती, उरणकडची. माझं बोलणं ऐकून तिनं ओळखलं आणि सिस्टरची पाठ फिरली की पदराखालून सुक्या जवळ्याची चटणी माझ्या भातावर टाकायची. "खा गो बाय. ह्या अळणी भातानं बरा मानूस मरंल." तिच्यासारखी माणसं इस्पितळात भेटतात, एवढं मात्र आजारी माणसानं लक्षात ठेवावं. मला तिचं नावही विचारायचं सुचलं नाही.

फोटो काढले, रक्त काढलं. मग एका सकाळी मोठे सर्जन आले आणि त्यांच्यामागं शिकणाऱ्या मुलामुलींचा घोळका. सर्जननी माझं पोट उघडं केलं आणि एकेकाला हात लावून बघायला सांगितलं. माझं पोट म्हणजे बाजारातला मासा झाला होता, जो येईल तो दाबून ताजा की शिळा ते बघणार. बोलणं सगळं इंग्रजीत. सर्जननी एका मुलाला काही विचारलं आणि तो छाती काढून म्हणाला, "कॅन्सर." पुढं आणखी बरंच बोलला, पण मला तो एकच शब्द कळायचा होता आणि तेवढाच कळला.

सर्जननी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला आडवं पडून कळलं नाही. घोळका पुढच्या खाटेकडं गेला. पोटावरची चादर ओढून घ्यायचं मला भान राहिलं नाही. शेजारच्या खाटेवरची घाटावरची बाई रोज मला तिच्यातली अर्धी भाकरी द्यायची. त्या दिवशी तिनं भाकरी दिली, पण पाणी प्यायचा तांब्या हळूच माझ्यापासून दूर सरकवला. मी पाहिलं आणि तिनंही पाहिलं की मी पाहिलं.

दुपारी नाखवा भेटायला आला. येताना सफरचंद घेऊन आला. मी विचारलं, "मना काय झालंय?"

"सूज हाय."

"सुजेला पोट फाडतात?"

"सूज काढायला फाडतात." तो सफरचंद कापत होता. मासा कापणाऱ्या हाताला ते फळ धड कापता येईना. त्यानं जाडजूड फोडी केल्या आणि मला एकेक भरवल्या. मी खाल्ल्या. मला ओरडायचं होतं, की खरं बोल, मी काय लहान पोर आहे का. पण त्याची हनुवटी थरथरत होती. ओरडले असते तर तो तिथंच कोसळला असता, म्हणून गप्प बसले. असा तो मला सांभाळत होता आणि मी त्याला.

*

ऑपरेशनच्या टेबलावर नाकावर गुंगीच्या औषधाची जाळी ठेवली आणि मोजायला सांगितलं. मोजता मोजता मला पोरांचे चेहरे आठवायचे होते, ते काही आठवले नाहीत. शुद्ध आली तेव्हा पोटाला आग लागली होती. पाणी मागितलं तर ओल्या बोळ्यानं ओठ पुसले.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सर्जन स्वतः खाटेपाशी आले. शांत, बारीक आवाजाचे गृहस्थ. म्हणाले, "बाई, घाबरू नका. तुमच्या लिव्हरवर रक्तवाहिन्यांची एक गाठ आहे. जन्मापासूनच असेल, हळूहळू वाढली. तिला कापायला गेलं तर रक्त थांबणार नाही, म्हणून तशीच ठेवून टाके घातले. तो कॅन्सर नाही. तीन महिन्यांनी या, मी बघेन." हेच त्यांनी बाहेर नाखवालाही सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, संपली की गोष्ट. माझा जीव वाचला होता. डॉक्टरांनी मला समोर उभं राहून, मराठीत, नीट सांगितलं होतं. पण मी डोळे मिटून घेतले आणि मनात म्हटलं, हेच तर सांगणार. दुसरं काय सांगतात मरणाऱ्याला?

कारण आमच्या वाड्यात "उघडलं आणि शिवलं" याला एकच अर्थ होता. माझ्या दुखण्याच्या दोनच वर्षं आधी एका तांडेलाचं, म्हणजे होडी हाकणाऱ्याचं, पोट असंच मुंबईला उघडलं होतं. आत काही काढण्यासारखं उरलंच नव्हतं, म्हणून तसंच शिवून घरी पाठवलं. त्यालाही सांगितलं होतं, बरा होशील. सगळा वाडा त्याला बरा होशील म्हणत होता. नारळी पुनवेच्या आत तो गेला, त्याच्या होडीचा नारळ त्याच्या भावानं वाहिला. माझंही पोट उघडलं, काही काढलं नाही, आणि शिवलं. मग बाकी बोलायला काय राहिलं?

नाखवाही तसाच समजला. नाखवाकडून सासू, सासूकडून दादा, दादाकडून सगळं करंजं तसंच समजलं. एका माणसानंही सर्जनचं बोलणं खरं धरलं नाही.

*

मी घरी आले ती मरायलाच आले, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही धरलं होतं.

सासू एकदम लोण्यासारखी मऊ झाली. जिनं मला कधी बसून जेवू दिलं नाही, ती माझ्यासमोर मऊ भाताचं ताट आणून ठेवायची. मी केरसुणीला हात लावला तर हिसकावून घ्यायची. मला ते सोसवेना. तिच्या शिव्या मला आवडायच्या असं मी म्हणणार नाही, पण शिव्या देणारा माणूस आपण उद्याही असणार असं धरून चालतो. ती आता मला उद्यात धरत नव्हती.

बाया भेटायला यायच्या. "सहज आलो" म्हणायच्या आणि येताना लाडू आणायच्या. एकजण माझ्या कालवांच्या रश्श्याची आठवण काढून रडली. मी समोर बसलेली. म्हटलं, "अगो, रस्सा खायचाय तर कालवं आन, मी करते." तर आणखीच रडायला लागली. माझ्याविषयी माझ्यासमोर सगळं "होती" आणि "करायची" असं चाललं होतं. मला हसूही यायचं आणि भीतीही वाटायची.

पोरांना माझ्या कुशीत झोपू देत नव्हते. टाके दुखतील म्हणून, असं सांगायचे. टाके कधीच बरे झाले होते. थोरली मुलगी हिरूच्या पाठीमागं फिरायला लागली. पाहिजे नको ते हिरूला मागायला लागली. कोणीतरी तिला तसं सांगितलं असणार. एकदा तिनं खेळताना चुकून हिरूला "आये" म्हणून हाक मारली. कोणी तिला रागावलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ होती. मी आत आडवी पडले होते, दादा ओट्यावर येऊन बसला होता. मी झोपले असं त्यांना वाटलं. दादा सासूला म्हणाला, "हिचं काय त्ये झालं का वर्साच्या आत हिरूचं ह्या घरात उरकून टाकू. पोरांना मावशीच बरी. करंज्याच्या पोराला मी न्हाय म्हनून कलवलंय."

सासू म्हणाली, "बरं केलंस. परकी आली तर पोरांचे हाल."

नाखवा तिथंच जाळं सांधत बसला होता. दारातून मला त्याचा हात दिसत होता. मी वाट पाहिली की आता हा काहीतरी बोलेल. त्याची सुई जाळ्यातून जात होती, येत होती. ती एकदाही थांबली नाही.

 रोगानं नाही, ह्यानं मरणार मी. मी जिवंत, माझा श्वास चाललाय, आणि माझ्या उंबऱ्यावर माझा भाऊ माझ्या जागी माझी बहीण बसवतोय. सगळ्यात मोठा धक्का कशाचा बसला असेल तर तो बेत शहाणपणाचा होता याचा. पोरांना मावशीच बरी. मला विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. पण मला विचारलं नाही.

मी हिरूला आत बोलावलं. दार लोटून घेतलं.

"तुला ठाव हाय?"

तिनं मान खाली घातली. "दादानं सांगितलं."

"मंग तू काय बोललीस?"

"मना कोनी विचारलंच न्हाय, बाय." ती मला बायच म्हणायची. "सांगितलं फकस्त."

माझ्या लक्षात आलं की ह्या पोरीचा चेहरा माझ्यापेक्षा वाईट झालाय. डोळे आत गेलेले, गालांची हाडं वर आलेली. घरात मरायला टेकलेलं माणूस कोण, हे परक्याला विचारलं असतं तर त्यानं हिरूकडं बोट दाखवलं असतं.

*

ती चोळी नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

इस्पितळातून आल्यावर माझं अंग उतरलं होतं, म्हणून हिरूनं माझ्या सगळ्या चोळ्या आत घेऊन शिवल्या होत्या. ते बोलणं झाल्यावर काही दिवसांनी मी चोळी घालायला गेले तर गाठ बसेना. हिरूनं ओढून पाहिलं. पुन्हा ओढलं. मग मला दारातल्या उजेडात उभी केली आणि दंड चाचपले, पाठ चाचपली, जसं बाजारात बाया सुरमईचं पोट चाचपतात तसं.

"बाय, तू फुगत चाललीस."

"बसून खाते, फुगणारच."

"न्हाय." ती एकदम जोरात म्हणाली. "त्यो तांडेल पन बसूनच खायचा. त्याची हाडं दिसत व्हती. मरनारी मानसं सुकतात, बाय. तू का सुकत न्हाईस?"

मला तिचा राग आला. मी मरणाशी कसंबसं जुळवून घेतलं होतं, आणि ही मला पुन्हा आशा लावत होती. मी म्हटलं, "मेलेलीच बरी म्हनतेस का मना?" ती सरळ ओट्यावर गेली आणि नाखवाला म्हणाली, "भावोजी, डॉक्टरनं परत बोलावलं व्हतं ना? का न्हाय नेलं?"

नाखवा म्हणाला, "कशाला तिला तरास?"

"तरास तिला न्हाय, तुमाला. उद्याच्या लाँचनं आपन तिघं जातोय." अठरा वर्षांची पोर, आजवर त्याच्यापुढं मान वर न केलेली. सासू ओरडली, दादाला बोलावते म्हणाली. हिरू म्हणाली, "बोलवा."

*

सर्जननी आधी मला तपासलं आणि मग नाखवाला झापलं. "तीन महिन्यांनी या म्हटलं होतं. सहा झाले. पत्ता कुठं होता?" मला काट्यावर उभं केलं. आमच्या बायांना डॉक्टरांवर भरवसा नसेल, पण काट्यावर असतो. काटा माझ्याच बाजूनं बोलत होता, इस्पितळात आले तेव्हापेक्षा माझं वजन वाढलं होतं.

हिरू पुढं झाली. "डॉक्टर, खरं सांगा. माझी बहीन मरनार हाय का?"

"नाही. मी त्याच दिवशी सांगितलं होतं."

"तुमी खोटं बोलत असाल तर?"

मला वाटलं आता ते हाकलून देतील. पण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "बाई, मी खोटं बोलतो. बरेचदा बोलतो. पण ज्यांना वाचवता येत नाही त्यांच्याशी. आणि त्यांना मी परत या म्हणून सांगत नाही. मी हिची गाठ माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. आत जायच्या आधी मलाही कॅन्सरच वाटला होता, हातालाही तसाच लागत होता. पाहिल्यावर कळलं की नाही. ही गाठ घेऊन ही म्हातारी होईल. पोटावर मार बसू देऊ नका, एवढंच."

मग ते नाखवाकडं वळले. "तुम्हाला समोर उभं करून सांगितलं होतं ना मी?"

नाखवाचे ओठ हलत होते. आवाज मागाहून आला. "मी पन हिला असंच सांगितलं व्हतं, डॉक्टर. सूज हाय, बरी व्हशील म्हनून. मना वाटलं, तुमी पन तसंच सांगताय."

आणि तो तिथं, त्या खोलीत, फरशीवर बसला.

मी रडले नाही. मला काही वाटतच नव्हतं. एवढे महिने मी रोज थोडी थोडी मरत होते ते सगळं फुकट होतं, हे डोक्यात शिरायला वेळ लागत होता. जगायला मिळालं की आनंद होतो असं लोकांना वाटतं. मला पहिल्यांदा फसवल्यासारखं वाटलं. आनंद पुढं कितीतरी दिवसांनी झाला, बोंबील वाळत घालताना, काही कारण नसताना.

गाठ अजून माझ्या पोटात आहे. वर्षातून एकदा दाखवून येते. ज्यांच्या घरी असं दुखणं आहे त्यांना माझं एवढंच सांगणं, की माणसाशी पहिल्यापासून खरं बोला. एकदा गोड खोटं बोललात की मग खरी बातमी आली तरी तिला घरात जागा उरत नाही. आमच्या घरी माझा जीव वाचल्याची बातमी आली होती, आणि आम्ही सहा महिने तिला दारात उभी ठेवली.

परतताना समुद्र अगदी शांत होता. नाखवा लाँचच्या कठड्याला धरून उलट्या करत होता. जन्म दर्यावर गेलेला माणूस. उतारू हसत होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता असंही मला अजून वाटत नाही.

*

घरी पोचलो तर सासू दारातच होती. मी म्हटलं, "आये, मी मरत न्हाय. तो रोगच न्हवता."

ती नाखवाकडं बघत राहिली. त्यानं मान हलवली. तेव्हा ती उंबऱ्यावर टेकली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "मंग आता हिरूचं काय करायचं?"

ती दुष्ट नव्हती. माझ्या नावानं तिनं उपास केले होते. पण तिच्या मनात माझ्याशिवायचं घर मांडून झालं होतं आणि ते तिला एकदम मोडता येईना.

हिरू तोवर आत जाऊन तिचं गाठोडं बांधत होती. म्हटलं, "अगो, चहा तरी घे." ती म्हणाली, "शेवटची तर निघून जाईल." मी तिला सोडायला धक्क्यावर गेले. वाटेत ती जवळजवळ पळत होती. करंज्याच्या त्या मुलाचं दुसरीकडं ठरलंय की नाही, हे तिला माहीत नव्हतं. ठरलेलं नव्हतं. पुढं त्याच्याशीच तिचं लग्न झालं. पण त्या संध्याकाळी धक्क्यावर आम्हां दोघींनाही त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

तरीत पाय ठेवता ठेवता ती थांबली. तरीचा तांडेल ओरडत होता. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाय, दादानं त्ये सांगितल्यापासून मी रोज देवीला नवस बोलायची, माझ्या बायला उठव. लोकं म्हनायची, बहिनीवर काय माया हाय."

"माया व्हतीच ना," मी म्हटलं.

"व्हती. पन त्यो नवस मी तुझ्यासाठी न्हवते बोलत. माझ्यासाठी बोलत व्हते. मना तुझ्या घरात यायचं न्हवतं. तुझा नवरा नको व्हता मना, तुझी पोरं नको व्हती." एवढं बोलून ती तरीत बसली आणि गाठोड्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली.

तर धक्क्यापासून सुटली. मी धक्क्यावर उभी राहिले. माझ्या सख्ख्या बहिणीनं माझ्या तोंडावर असं बोलावं, मला झोंबायला हवं होतं. झोंबलंच. चांगलं कडकडून झोंबलं. सहा महिने सगळे माझ्याशी गोड बोलत होते, आणि आता कोणीतरी माझ्याशी, उद्याही असणाऱ्या माणसाशी बोलावं तसं बोललं होतं.